मीटर खरं बोलतोय ना?



मागच्या दिवाळी मेळ्यात आमच्या सासूबाईंच्या टोमॅटो-लसूण चटणीच्या बरण्या ज्या २२ घरांत गेल्या, त्या प्रत्येक घरी दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन गेला होता. "चटणी खाऊ नका, बरणी परत द्या, पैसे देते." कारण विचारलं तेव्हा "नंतर सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली. ते कारण आज सांगते.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, लग्न होऊन हैदराबादला आल्या तेव्हा शेजारच्या तेलुगू काकूंकडून टोमॅटो पच्चडी शिकल्या. पुढे त्यात त्यांनी आपल्याकडचा मसाला आणि भरपूर लसूण घातली. घरापुरती होती तोवर आठवडाभरात संपायची. मेळ्यात विकायचं ठरलं, तेव्हा मी इंजिनिअर सूनबाई मध्ये पडले आणि त्यांना पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा, पेनासारखा डिजिटल पीएच मीटर आणून दिला.

गरज खरी होती. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप. ७ म्हणजे ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी, आणि आकडा जितका खाली तितका पदार्थ आंबट. लिंबाचा रस २ ते ३ च्या मध्ये येतो, टोमॅटो साधारण ४.३ ते ४.९, तर लसूण ६ च्या आसपास. तेलाखाली हवा पोचत नाही. अशा जागी, पदार्थ पुरेसा आंबट नसेल, तर क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत आणि त्याच्या विषाला वास-चव नसते. ४.६ किंवा त्याखालच्या पीएचला मात्र तो वाढत नाही. म्हणून ४.६ ही लक्ष्मणरेषा. घरी आपण तिच्या बऱ्याच आत, ४.२ च्या खाली राहावं.

आदल्या वर्षी दोघा-तिघांनी "फार आंबट" म्हटलं होतं, म्हणून या वेळी मी चिंच कमी करायला सांगितली. चटणी झाल्यावर आई म्हणाल्या, "अगं, हिला आंबटपणा पोचलेला नाही." मी मीटर बुडवला. ४.१. "आई, मशीन काय सांगतंय बघा," म्हणून मी विषय संपवला. बरण्या भरल्या, विकल्या.

मेळ्याच्या रात्री उरलेली बरणी जेवायला घेतली, तर आईंनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. आता मात्र मला मीटरच्या डब्यातल्या त्या दोन पुड्या आठवल्या. वर्षभर त्या फोडल्याच नव्हत्या. एकीवर ४.०० लिहिलेलं, दुसरीवर ६.८६. या पुड्या सांगितलेल्या मापाच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवल्या की पीएच आधीच माहीत असलेलं द्रावण तयार होतं. त्याला बफर म्हणतात. इन्व्हर्टरसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घरात होतंच. ४.०० च्या बफरमध्ये मीटरने ३.४ दाखवले. ६.८६ मध्ये ६.३. म्हणजे चटणीचे ४.१ प्रत्यक्षात ४.७ च्या जवळ होते.

फरक ०.६ चा, पण पीएचची मोजपट्टी दसपटीची असते. ०.६ म्हणजे आम्लता जवळपास चौपट कमी. त्या रात्री मी झोपले नाही.

२० बरण्या परत आल्या. दोन घरांत चटणी खाऊन झाली होती. पुढचे काही दिवस मी त्या घरी काहीबाही निमित्त काढून रोज फोन केला. कुणाला काही झालं नाही. आईंनी मात्र जानेवारीपर्यंत चटणीला हात लावला नाही. "पैशाचं जाऊ दे गं, माझ्या हातचं लोकांनी टाकून दिलं," एवढंच म्हणाल्या.

ऑफिसात उत्तर आधीच माहीत असलेली चाचणी दिल्याशिवाय मी कुठलाच प्रोग्रॅम पुढे पाठवत नाही. घरी मात्र पडद्यावर दशांश चिन्ह दिसलं आणि मी विश्वास ठेवला. आईंच्या जिभेला ४.६ ची रेषा कळत नाही, ते कुणाच्याच जिभेला कळत नाही. पण "यात काहीतरी वेगळं झालंय" हे तिला बरोबर कळलं होतं.

मीटर चुकला कसा? त्याच्या टोकाला पातळ काचेचा फुगा असतो. ती काच ओली राहिली तरच काम करते. द्रावणातल्या आम्लतेप्रमाणे तिच्यावर अगदी थोडा विद्युतदाब तयार होतो, २५ अंश सेल्सिअसला दर एका पीएचमागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. हा दाब जिच्याशी तुलना करून मोजतात, ती दुसरी बाजूही त्याच दांड्यात असते आणि बारीक सच्छिद्र जागेतून द्रावणाशी जोडलेली असते. आमच्याकडे काच कोरडी पडली होती आणि त्या छिद्रांवर तेल बसलं होतं. साफ करून, रात्रभर भिजवूनही तो ताळ्यावर आला नाही. दांडा बदलता येत नव्हता, म्हणून टाकून दिला.

नवीन घेताना मी हे पाहिलं:

दोन बफरवर आपोआप जुळवता येतो का? स्क्रू फिरवून एकाच आकड्यावर जुळवायचे मीटर अन्नासाठी नकोत.

अचूकता किती? पडद्यावर ०.०१ दिसणं वेगळं आणि अचूकता वेगळी. माहितीपत्रकात ±०.०५ किंवा त्याहून चांगली हवी. ±०.२ असेल तर ४.५ वाचल्यावर आपल्याला काहीच कळलेलं नसतं.

इलेक्ट्रोड, म्हणजे तो दांडा, बदलता येतो का? नीट सांभाळला तरी तो साधारण एक-दोन वर्षंच चालतो.

तापमानाची भरपाई आहे का? असावीच, पण ती फक्त इलेक्ट्रोडची चूक सुधारते. चटणी गार करूनच मोजायची.

कोणते बफर ओळखतो? काही मीटर ७.०० धरतात आणि आपल्याकडच्या पुड्या बऱ्याचदा ६.८६ च्या असतात. हे जुळलं नाही तर जुळवणीच चुकते.

आता आमचा नेम असा. मोजायच्या दिवशी आधी ६.८६ आणि ४.०० वर जुळवणी. दोन्हींसाठी थोडं द्रावण वेगळ्या वाटीत, आणि वापरलेलं परत बाटलीत नाही. बाटलीवर द्रावण केल्याची तारीख. चटणीवरचं तेल बाजूला काढून, उरलेली थोड्या डिस्टिल्ड वॉटरबरोबर मिक्सरमधून काढायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. लसणीच्या पाकळीत आंबटपणा मुरायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. मोजलेला नमुना बरणीत परत जात नाही.

मग टोक सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात हलवून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, कागदाने नुसतं टिपायचं. काच घासायची नाही. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं साठवणीचं द्रावण घालून बंद करायचं. डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात ठेवला तर इलेक्ट्रोड लवकर खराब होतो. मीटर फार दिवस वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत, पण टोपणातलं द्रावण अधूनमधून पाहावं.

गंमत म्हणजे पीएच मीटरचा जन्मच आंबटपणाच्या पोटी झाला. १९३४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिंबू-संत्री बागायतदारांच्या संस्थेतल्या एका रसायनतज्ज्ञाला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती, म्हणून त्याच्या मित्राने, अर्नोल्ड बेकमन यांनी, हे यंत्र बांधलं.

या वर्षी आईंनी चिंच पूर्वीइतकीच घातली आहे. आधी त्यांनी चाखून पाहिली, मग मीटर, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा मीटर. ३.९. बरणीवर आकडा आणि तारीख त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे.

तुमच्यापैकी कुणाकडे लोणच्यासाठी, गच्चीवरच्या बागेसाठी किंवा माशांच्या टाकीसाठी असा मीटर असेल, तर या रविवारी त्याला ४.०० च्या द्रावणात एकदा बुडवून पाहा. तो काय म्हणतो ते मला जरूर कळवा.