वहिनी, हलू नका!

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या आठवड्यात टँकरचा विषय चक्क मागे पडला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत, मनी प्लांटच्या टांगत्या कुंडीत, बुलबुलाच्या जोडीने घरटं केलंय. त्या घरच्या बाईंनी कौतुकाने एक फोटो टाकला आणि तेव्हापासून त्यांच्या दाराची बेल थांबलेली नाही. सकाळी फिरायला निघालेले, संध्याकाळी फिरून आलेले, क्लासला उशीर झालेली पोरं, सगळे चपला काढून मोबाइल उंचावत थेट गॅलरीत. एका सद्गृहस्थांनी तर ‘पानं मधे येतायत’ म्हणून दोन वेली सुतळीने ओढून गजाला बांधल्या. फोटो अगदी स्वच्छ आला. कुंडीतला मनी प्लांट दाट होता म्हणून तर बुलबुलाने ती जागा धरली होती. आता उन्हाला आणि कावळ्यालाही सगळं तितकंच स्वच्छ दिसतंय, एवढंच.

पक्षी म्हणाल तर आपला साधा लालबुड्या. डोक्यावर काळी शेंडी, शेपटीखाली लाल डाग. दोन-तीन अंडी, ती उबायला जेमतेम दोन आठवडे, पिल्लं बाहेर पडायला त्यानंतर साधारण तेवढेच दिवस. महिन्याभराचा मामला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यातच रानपक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देणं येतं. अनेक छायाचित्र स्पर्धा आता घरट्यावरचे फोटो स्वीकारतच नाहीत. मी हे सगळं ग्रुपवर रीतसर लिहिलं. एकाने त्यावर जोडलेले हात टाकले आणि दुसऱ्याने टँकर किती वाजता येणार ते विचारलं.

या गर्दीत आमचे भाऊजी नव्हते, हे आधी सांगते. सदराचे जुने वाचक भाऊजींना ओळखतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी होमिओपॅथीची पुस्तकं आणली, मग बोन्साय केले (वडाचं काय झालं ते मी तेव्हा लिहिलं होतं, पुन्हा जखम उघडत नाही), आणि आता त्यांच्याकडे हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत पुरेल एवढी लेन्स आहे. तिची किंमत जाऊबाईंना अजून नीट सांगितलेली नाही. भाऊजी बुलबुल बघायला आले नाहीत ते मात्र कायद्याच्या धाकाने नव्हे. बुलबुल त्यांच्या खिजगणतीतच नाही. ‘वहिनी, रेड-व्हेंटेड काय, रोजचाच आहे!’

रोजच्यात बसत नाही असं काही दिसलं की मात्र माझी धडगत नसते. त्यांची गॅलरी माझ्या गॅलरीच्या बरोबर वर. परवा मी ओली चादर दोन्ही हातांनी झटकून दोरीवर टाकणार, तेवढ्यात वरून दबका आवाज आला, ‘वहिनी, हलू नका!’ मी चादर धरून पुतळा. हातांतून कोपरापर्यंत पाणी ओघळतंय आणि माझ्या जास्वंदीवर शिंजिराचा नर.

आता भाऊजींना वरून काय दिसत होतं ते ठाऊक नाही. मला मात्र तो दोन हातांवर होता. सावलीत काळा ठिक्कर, उन्हात मान वळवली की जांभळा, मग निळा, पुन्हा काळा. आणि खाण्याची पद्धत पाहावी. उघडलेल्या फुलात तो समोरून तोंड घालतच नव्हता. देठाला लटकून पाकळ्यांच्या बुडाशी बाहेरूनच चोच खुपसत होता, मध ओढत होता आणि पुढच्या फुलाकडे सरकत होता. म्हणजे परागकणांची हमाली नाही, काही नाही. मागच्या दाराने येऊन तिजोरी रिकामी. जास्वंद बिचारी लाल पाकळ्या पसरून, पिवळा तुरा पुढे काढून समोर वाट बघत उभी. भाऊजी वरून कळवळून म्हणत होते, ‘फुलाच्या पुढे ये रे, पुढे ये!’ कारण कॅलेंडरवर शिंजीर नेहमी फुलाच्या पुढे असतो. तो आला नाही. चादर वाळायला संध्याकाळ झाली.

तर घरच्या पक्ष्याला भाव नाही, ही माझी मूळ तक्रार. तोही बुलबुल आणि हाही बुलबुलच, पण गोव्याचा राज्यपक्षी असलेला लाल गळ्याचा पिवळा बुलबुल टिपायला भाऊजी कर्नाटकात दांडेलीजवळ गणेशगुडीला जाऊन आले. तिथे झाडीत पक्ष्यांसाठी पाण्याची उथळ कुंडं केली आहेत. पक्षी अंघोळीला येतात, समोर खुर्च्या मांडून छायाचित्रकार बसतात. उत्तराखंडात सातताल येथे एक ओढा आहे, त्या जागेला पक्षीवाल्यांत नावच ‘स्टुडिओ’ पडलंय. मला यात वाईट काही दिसत नाही. पक्षी आपल्या पायांनी येतो, माणूस खुर्चीवर गप्प बसतो. माणूस इतका वेळ गप्प बसलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. आमच्या घराण्यात तर नाहीच.

मला खटकतं ते भिगवणचं. मागच्या रविवारी ‘वहिनी, तुम्ही एकदा याच’ म्हणून भाऊजींनी मलाही नेलं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. भीमेवर उजनीचं धरण झालं, पाणी मागे पसरलं, आणि त्या उथळ दलदलीत हिवाळाभर रोहित, बदकं, कुरव असं सगळं गोकुळ नांदतं. मार्च सरत आला की गर्दी ओसरते. होडीवाले मूळचे मासेमारी करणारे. आता ‘सर, राइट साइडला ऑस्प्रे’ असं ते आपल्या आधी सांगतात. भाऊजींना मराठी नावं येत नाहीत. मी घरून निघतानाच चितमपल्लींचा पक्षिकोश चाळला होता, त्यामुळे त्यांनी एक नाव घ्यायचं आणि मी दुसरं, असा आमचा सामना पाण्यावर रंगला. होडीवाल्याला दोन्ही येत होती.

शेजारच्या होडीत एक मंडळ होतं. त्यांच्याकडे गाठ्यांची मोठी पिशवी. मूठभर गाठ्या हवेत भिरकावल्या की कुरवांचा थवा कलकलाट करत होडीभोवती फिरतो, आणि पंख पसरलेल्या कुरवाचा डोळ्यांच्या उंचीवरचा फोटो फुकटात मिळतो. तपकिरी डोक्याचा कुरव उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर पिल्लं वाढवतो. तिथून हिमालय ओलांडून तो इथे येतो आणि आम्ही त्याला काय देतो, तर मीठ आणि सोडा घातलेलं तळण. माझ्या पथ्यात जे बसत नाही ते लडाखच्या पाहुण्याला.

त्या मंडळाचं कुरवांवर भागलं तेव्हा त्यांना रोहित हवे झाले. रोहित शांतपणे डोकं खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळत उभे होते. हे दृश्य मी तासभर बघत बसले असते. पण उभा रोहित सगळ्यांकडे आहे म्हणे. पंखाखालचा लाल-काळा रंग हवा तर तो उडालेला पाहिजे. त्याला उठायचं तर आधी पाण्यावर लांबवर धावावं लागतं, आणि तो धावतानाचा फोटो म्हणजे तर पर्वणीच. त्यासाठी होडी त्याच्या अंगावर न्यायची. ‘घ्या जरा जवळ,’ असं मंडळातल्या एकाने तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांचा होडीवाला, विशीतला पोरगा, बांबू चिखलात रोवून थांबला. ‘काका, आत्ता खायला लागलेत ते. जेवत्या माणसाला कुणी उठवतं का?’ काकांनी जास्तीचे पैसे देऊ केले. पोरग्याने बांबू काही उचलला नाही. आमच्या होडीत भाऊजी लेन्स खाली ठेवून त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांनी त्या पोरग्याचा फोटो मात्र विचारून काढला. गेल्या वर्षभरातला त्यांचा हा सर्वांत चांगला फोटो आहे असं माझं मत. तो स्पर्धेला पाठवता येत नाही, कारण विभाग पक्ष्यांचा.

पक्ष्याला न उठवता जवळ कसं जायचं याची विवंचना तशी जुनीच. रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे इंग्रज भाऊ १९००च्या सुमारास यासाठी एक पोकळ बैल वापरायचे. खऱ्या बैलाचं कातडं, आत सांगाडा, आणि पोटात कॅमेऱ्यासह एक भाऊ. पक्षी बैलाला भीत नाहीत. भाऊजींना मी ही हकिगत सांगितली ती करमणूक म्हणून. पण ते विचारात पडलेले दिसले, तेव्हा मी घाईने विषय बदलला. नंदीबैल दारात आला तर आमच्या सोसायटीचा वॉचमन त्याची नोंदवहीत सही घेईल.

बैल टळला, राजमा टळला नाही. पक्षीवाल्यांना लेन्स टेकवायला एक उशी लागते, तिला ते बीनबॅग म्हणतात. गाडीच्या खिडकीवर किंवा होडीच्या काठावर ती ठेवायची, वर लेन्स, म्हणजे हात हलत नाही. विमानाने जाताना ती रिकामी न्यायची, कारण हातातल्या सामानाचं वजन आधीच लेन्सने खाल्लेलं असतं. पोचलात की तिथल्या वाण्याकडून तांदूळ किंवा डाळ घेऊन भरायची. परत निघताना ते धान्य कोणाला तरी देऊन टाकायचं, अशी रीत आहे. भाऊजी साततालला गेले तेव्हा तिथल्या वाण्याने पहाडी राजमा दिला. तो इतका सुरेख निघाला, म्हणजे दिसायला, की द्यायला भाऊजींचं मन होईना. तेव्हा लोकरीचे कपडे अंगावर चढवून त्यांनी बॅगेत राजम्याला जागा केली. तेव्हापासून तो उशीत आहे. गणेशगुडीला गेला, कवडीपाटाला गेला, परवा आमच्याबरोबर भिगवणला होडीत होता.

जाऊबाईंचा या राजम्यावर पहिल्यापासून डोळा. बाजारात पहाडी राजम्याचा भाव काय झालाय ते त्यांना माहीत, आणि आपल्या घरात दोन किलो राजमा कॅमेऱ्याखाली बसून आहे हेही माहीत. भाऊजींचं म्हणणं, त्याचा आता लेन्सला अचूक खळगा पडतो, नवं धान्य मुरायला वेळ लागेल. जाऊबाईंचं म्हणणं, मुरायला ते लोणचं आहे का? बुधवारी भाऊजी पाणीपट्टीच्या रांगेत असताना त्यांनी उशीची शिवण उसवली, राजमा तीन पाण्यांतून काढला आणि भिजत घातला. भाऊजींना कळलं ते गुरुवारी दुपारी, कुकरच्या पाचव्या शिट्टीला. जुना असल्याने शिजायला वेळ घेतला, पण चवीला, खोटं कशाला बोलू, उत्तम. एक वाडगा मलाही आला.

आता प्रश्न असा की येत्या रविवारी उशीत काय भरायचं. मी रेशनचा तांदूळ सुचवला. तो सरकतो म्हणे. हरभरा डाळ जाऊबाई देत नाहीत, कारण पाडवा तोंडावर आलाय आणि पुरण घालायचंय. भाऊजी सध्या मसूर आणि वाटाणा यांच्यामध्ये अडकले आहेत. वाटाणा टणक असल्याने तो चोरीला जाणार नाही, या मुद्द्यावर गाडी वाटाण्याकडे झुकते आहे. जाऊबाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, पांढरा की हिरवा तेवढं काढून घ्या हो वहिनी. पांढरा असेल तर त्या पावाची लादी आणूनच ठेवणार आहेत.