रॉक म्युझिक संपलंय, की फक्त तुमच्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही?

2025 हे वर्ष मुंबईतल्या रॉकप्रेमींसाठी भलतंच खर्चिक होतं. जानेवारीत कोल्डप्ले नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन रात्री वाजवून गेले. मार्चमध्ये लोलापालुझा इंडियासाठी ग्रीन डे आले. 17 मे रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस. (कोल्डप्लेला रॉक म्हणायचं का, यावर मित्रांमध्ये भांडणं होतात. ती इथे नको.)

आता या तिन्ही बँडमध्ये काय सारखं आहे ते बघा. तिन्ही मागच्या शतकात सुरू झालेत. म्हणजे रॉक ऐकायला लोक येतात, तिकिटाला पैसेही मोजतात, पण स्टेजवर जे उभे आहेत ते तुमच्या काका-मामांच्या कॉलेजच्या दिवसांतले. मग नवीन बँड कुठे गेले? या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या फोनमधल्या स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये आहे.

जुनं रॉक एकदम मजेत आहे

2017 मध्ये अमेरिकेत हिप-हॉप आणि आर अँड बी यांनी मिळून पहिल्यांदा रॉकला मागे टाकलं. तेव्हापासून ‘रॉक मेलं’ हे वाक्य दरवर्षी नव्याने लिहिलं जातं. पण मेलेल्या गोष्टीला कुणी एवढे पैसे देत नाही. 2024 मध्ये सोनीने क्वीन या बँडच्या गाण्यांचे हक्क घेतले. बातम्यांनुसार हा सौदा सुमारे 1 अब्ज पौंडांचा होता. त्याच वर्षी पिंक फ्लॉइडच्या रेकॉर्डिंगचे हक्कही सोनीकडेच गेले.

यामागचं कारण सोपं आहे. अमेरिकेत ऐकल्या जाणाऱ्या संगीतापैकी जवळपास तीन-चतुर्थांश भाग 18 महिन्यांपेक्षा जुन्या गाण्यांचा असतो. पूर्वी जुनं गाणं दुकानाच्या शेल्फवरून उतरलं की संपलं. आता ते कायम एका टॅपवर असतं आणि कधीही उसळी मारू शकतं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या सीझनमध्ये मेटालिकाचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजलं आणि 1986 चं ते साडेआठ मिनिटांचं गाणं 2022 मध्ये पहिल्यांदा बिलबोर्ड हॉट 100 मध्ये शिरलं. फ्लीटवुड मॅकच्या 1977 च्या ‘ड्रीम्स’ला 2020 मध्ये टिकटॉकवरच्या एका स्केटबोर्डवाल्या व्हिडिओने परत चार्टवर आणलं.

पण याचा त्रास नव्या बँडला होतो. त्यांची स्पर्धा फक्त या वर्षीच्या गाण्यांशी नाही. साठ वर्षांतलं जे जे उत्तम, ते सगळं त्याच सर्च बॉक्समध्ये, त्याच किमतीत शेजारी बसलेलं आहे.

पैशांचं गणित बँडच्या विरोधात का जातं?

स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. गाणं दोन मिनिटांचं असो की तेरा मिनिटांचं, स्ट्रीम एकच. पिंक फ्लॉइडच्या 1975 च्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये गायकाचा आवाज यायलाच आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात दोन-दोन मिनिटांची चार गाणी वाजून चार स्ट्रीम जमा होतात. आज असं गाणं नव्याने करायला हिंमत लागेल, आणि घरचं थोडं बरं असावं लागेल.

2024 च्या सुरुवातीपासून आणखी एक नियम लागू झाला. मागच्या 12 महिन्यांत गाण्याचे किमान 1,000 स्ट्रीम झाले नसतील, तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. नियम प्रत्येक गाण्याला वेगळा लागतो, आणि गंमत तिथेच आहे. समजा पुण्यातल्या एखाद्या नव्या बँडने दहा गाण्यांचा अल्बम काढला आणि प्रत्येक गाणं वर्षभरात 900 वेळा ऐकलं गेलं. एकूण झाले 9,000 स्ट्रीम, हातात शून्य. दुसऱ्या कुणी एकच गाणं टाकलं आणि ते 9,000 वेळा वाजलं, तर त्याला पैसे मिळतात. कंपनीचं म्हणणं असं की हे एरवी नुसते चिल्लर पैसे असतात आणि नियमामुळे खोट्या स्ट्रीमना आळा बसतो. रक्कम चिल्लर असते हे खरंच आहे. पण अल्बम करणाऱ्याला तोटा आणि सिंगल करणाऱ्याला फायदा, हा संदेश काही चिल्लर नाही. रॉक मोठं झालं तेच अल्बमच्या जोरावर.

त्यात बँड म्हणजे चार-पाच माणसं. जॅम रूमचं भाडं, ड्रम्सचं रेकॉर्डिंग, अ‍ॅम्प उचलून न्यायला टेम्पो. जे काही मिळेल त्याचे पुन्हा चार वाटे. घरी लॅपटॉपवर बीट बनवणाऱ्याला यातलं काहीच नाही. रॅप आणि पॉप पुढे गेले त्यात त्यांचा दर्जा आहेच, पण हा खर्चातला फरकही आहे. तो कुणी फारसा बोलत नाही.

अल्गोरिदमला रॉकचा राग आहे का?

नाही. त्याला गिटार आवडतही नाही, खटकतही नाही. तुम्ही गाणं कधी स्किप केलं, सेव्ह केलं का, कुठल्या गाण्यांसोबत प्लेलिस्टमध्ये टाकलं, हे तो बघतो आणि तुमच्यासारख्या इतरांशी जुळवतो. आपण बऱ्याचदा अभ्यास करताना, लोकलमध्ये, झोपताना गाणी लावतो. अशा वेळी मधेच किंचाळणारं, वेग बदलणारं गाणं स्किप होतं. मऊ, एकसुरी गाणं चालू राहतं. अ‍ॅपला वाटतं, तुम्हाला तेच हवंय.

याचा शेवट कुठे होतो ते 2025 च्या जूनमध्ये दिसलं. ‘द वेल्व्हेट सनडाउन’ नावाचा, सत्तरच्या दशकातल्या रॉकसारखा वाजणारा एक बँड अचानक स्पॉटिफायवर आला आणि काही आठवड्यांत त्याचे महिन्याचे श्रोते 10 लाखांच्या वर गेले. जुलैमध्ये त्यांच्याच प्रोफाइलवर कबुली आली की हा सगळा एआयच्या मदतीने केलेला प्रकल्प आहे. माणसं ऐकत होती, कारण पार्श्वभूमीला वाजत ठेवायला ते ठीकच होतं. डीझर या अ‍ॅपने अशा गाण्यांवर एआयचं लेबल लावायला सुरुवात केली आहे. माझ्या मते हे प्रत्येक अ‍ॅपवर सक्तीचं हवं.

मग नवे बँड टिकतात कसे?

दिल्लीच्या ब्लडीवुडकडे बघा. सुरुवात यूट्यूबवर, बॉलीवूड गाण्यांना मेटलचा तडका देऊन. मग ढोल, हिंदी-पंजाबी शब्द आणि स्वतःची गाणी. 2019 मध्ये जर्मनीतल्या वाकेन फेस्टिव्हलला, 2022 मध्ये जपानच्या फुजी रॉकला. ते प्लेलिस्टमध्ये घुसायची वाट बघत बसले नाहीत. व्हिडिओतून लोक गोळा केले आणि त्यांना मैदानात आणलं. आपल्याकडे अभंगांना बेस गिटार आणि ड्रम्सची साथ देणारा मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ही मुख्यतः लाइव्ह कार्यक्रमांतूनच लोकांपर्यंत पोहोचला. एआय अजून घाम गाळत स्टेजवर उभं राहू शकत नाही. रॉकची खरी ताकद तिथेच होती आणि आहे.

फक्त छोट्या जागा हव्यात. स्टेडियम भरणारा बँड आधी कुठेतरी पन्नास लोकांसमोर वाजवतो, आणि ते पन्नास लोक त्याला फोनवर सापडावे लागतात.

तुमच्या हातात काय आहे, तेही सांगतो. एखादा नवा बँड आवडला तर नुसतं ऐकून सोडू नका. गाणं सेव्ह करा, बँडला फॉलो करा, स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये टाका, कारण अ‍ॅप याच खुणा वाचतं. अल्बम ऐकताना शफल बंद ठेवा. सेटिंग्जमध्ये क्रॉसफेड चालू असेल तर तोही बंद करा, नाहीतर एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो. बँड बँडकॅम्पवर असेल तर तिथून एकदा अल्बम विकत घ्या. डिजिटल विक्रीतले 15 टक्के साइट ठेवते, आणि पेमेंटचा खर्च वजा जाता बाकीचे बँडकडे जातात. आणि गावात कुठे गिग असेल, तर हेडफोन घरी ठेवून जा.