औषधाची गोळी आणि वाऱ्यावर सोडलेले कुटुंब

मराठी वाचकाला झाशी ठाऊक आहे ती १८५७ च्या राणीमुळे. तेथील आजचा मजूर त्याला फारसा ठाऊक नाही. झाशीच्या दक्षिणेस, ललितपूरच्या लोहमार्गावर, बबीना ही लष्करी छावणी आहे. जवानासाठी व त्याच्या कुटुंबीयांसाठी लष्कराची स्वतंत्र वैद्यकीय व्यवस्था असते. परंतु छावणीच्या कुंपणाबाहेरील शेतमजुराच्या तरुण मुलाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, शेजारी आपल्या जिवावर उठले आहेत अशी त्याची खात्री पटू लागली, तर आईबापांनी जावे कोठे? उत्तर प्रदेशची सरकारी मनोरुग्णालये आहेत आग्रा, बरेली आणि वाराणसी येथे. ग्वाल्हेर त्यामानाने जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात. राहता राहिले झाशीचे वैद्यकीय महाविद्यालय. तेथील प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते आणि खेपेच्या शेवटी हाती पडते ती औषधाची चिठ्ठी.

औषध आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सायकोसिसच्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नव्हते. मात्र औषध हा उपचाराचा अर्धाच भाग होय. रुग्णाशी नियमित, शास्त्रीय पद्धतीने केलेला संवाद आणि संपूर्ण कुटुंबाला बरोबर घेऊन केलेले उपचार हा दुसरा भाग. घरातील सततचा त्रागा, दोषारोप व भीती कमी झाली म्हणजे आजार उलटण्याचे प्रमाण घटते, हे अनेक देशांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत कुटुंबासाठी किमान १० आणि रुग्णासाठी किमान १६ बैठकी सांगितल्या आहेत.

ही काही परदेशी चैन नव्हे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले व त्यांना उपचारात सहभागी करून घेतले. त्या मार्गाने देशाची आरोग्यव्यवस्था पुढे गेली नाही. त्याऐवजी भारतीय कुटुंबसंस्थेचे गोडवे गाण्यात आले, आणि ते सोयीचेही होते. कुटुंब सांभाळतेच, तर सरकारने खर्च कशाला करावा? सांभाळते म्हणजे प्रत्यक्षात आई, बहीण किंवा पत्नी सांभाळते. विनामोबदला, विनामाहिती, लोकांची बोलणी ऐकत. तिचे बळ संपले की काय होते, ते २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. नातेवाइकांनी आणून ठेवलेले २८ मनोरुग्ण तेथे साखळदंडांत जखडलेल्या अवस्थेत आगीत जळून मेले.

तज्ज्ञ नाहीत, ही सबब अर्धीच खरी आहे. गोवा, सातारा व तामिळनाडूचा ग्रामीण भाग येथे स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, वर्षभर रुग्णांच्या घरी गेले. कुटुंबाला आजार समजावून दिला, औषधात खंड पडू दिला नाही. केवळ दवाखान्यातील उपचारांपेक्षा फायदा अधिक झाला. तो बेताचाच होता, हेही सांगितले पाहिजे. परंतु जेथे सेवा तुटपुंज्या, तेथेच ही पद्धत प्रथम राबवावी, असे संशोधकांचे मत पडले. बबीनाभोवतीच्या गावांना ते तंतोतंत लागू पडते.

याचा अर्थ हे कामही आशा सेविकेच्या माथी मारावे असा लावला जाईल, आणि तो लावू देता कामा नये. जिला कामगार म्हणून मान्यता नाही, वेतनाऐवजी मानधनावर जिची बोळवण होते, तिच्या पाठीवर आणखी एक गाठोडे ठेवणे म्हणजे एका कुटुंबाचे ओझे दुसऱ्या कुटुंबातील स्त्रीवर टाकणे होय. या कामासाठी वेगळी, वेतनी पदे हवीत.

आणि ही कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ ने रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा व घरच्या घरी पुनर्वसन यांची तरतूद करणे सरकारवर बंधनकारक केले आहे. अशी सरकारी सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल, तर जिल्ह्यातील अन्य ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावयाचा आहे. १९९६ पासूनच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता यांचीही पदे आहेत. झाशी जिल्ह्यात यांपैकी किती भरली आहेत, त्यांच्यापैकी कोणी गेल्या वर्षात बबीनातील एखाद्या घराचा उंबरा ओलांडला काय, आणि कलम १८ खाली किती कुटुंबांचा खर्च सरकारने दिला, याचे लेखी उत्तर मुख्य चिकित्सा अधिकाऱ्याकडून मागण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.