नवी सकळ लिपी : चालू संशोधनाविषयीच्या खुल्या लेखनाची बाजू

आपल्या विद्यापीठीय व्यवहारात संशोधन आणि संशोधनाविषयीचे लेखन यांची फारकत झाली आहे. अभ्यासक चार-पाच वर्षे एखाद्या विषयाशी झगडत असतो. पण त्या काळात तो कोणाला भेटतो, कोठे अडतो, कोणते गृहीतक टाकून देतो, याचा मागमूस त्याच्या मार्गदर्शकापलीकडे कोणालाही लागत नाही. प्रबंध सिद्ध होतो तेव्हा त्यातून हे सारे पुसले गेलेले असते. या मौनाला आपण शिस्त असे नाव दिले आहे. ही शिस्त नसून ज्ञानव्यवहाराची कोंडी आहे आणि तिच्या समर्थनार्थ केले जाणारे युक्तिवाद तपासणीत टिकत नाहीत, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

निमित्त एका विद्यार्थिनीचे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूर आणि आसपासच्या गावांतील शेतीविषयक शब्दसंपत्ती हा तिचा विषय. या भागात सोयाबीनने कपाशीची बरीच जागा घेतली, आणि पिकाबरोबर त्याचे शब्दही निघून जाऊ लागले. जमवलेल्या शब्दांवर ती एका स्थानिक साप्ताहिकात छोटी टिपणे लिहीत असे. 'उलंगवाडी' या शब्दावर तिने लिहिले, की कापसाची शेवटची वेचणी आटोपून वावर मोकळे होणे म्हणजे उलंगवाडी. अर्थ चुकीचा नव्हता. पण पुढच्याच आठवड्यात जवळच्या गावातील एका वृद्ध मजूर बाईचा निरोप आला. तिच्या नातवाने तिला टिपण वाचून दाखवले होते. ती म्हणाली, "तुमचा कापूस सरते, आमचा रोज सरते." एकच शब्द मालकाच्या तोंडी पीक घरात आल्याची खूण होता, तर मजूर बाईच्या तोंडी मजुरी तुटल्याची. विद्यार्थिनीने दुसरे टिपण लिहून पहिले दुरुस्त केले. प्रबंध पुरा होण्याआधी ती बाई वारली.

प्रबंध सादर होताना साम्यतपासणीच्या अहवालात ही टिपणे 'साम्य' म्हणून उमटली. एका विद्यापीठाच्या समितीने विचारले, "आधी प्रसिद्ध केलेच का?" प्रकरण पुन्हा लिहावे लागले. आता त्या जागी 'प्रस्तुत संज्ञेची अर्थकक्षा वर्गसापेक्ष आढळते' असे वाक्य आहे. ते निर्दोष आहे, साम्यमुक्त आहे, आणि ती बाई त्यात नाही. प्रस्तुत लेखक त्या विद्यार्थिनीचा मार्गदर्शक होता आणि त्यानेच 'वाद नको' म्हणून ही दुरुस्ती सुचवली, हेही नमूद केले पाहिजे.

वास्तविक नियमात अशी सक्ती नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाबाहेर ठेवले आहे. इतकेच नव्हे, तर योग्य निर्देशासह उद्धृत केलेला मजकूर मोजणीतूनच वगळला आहे. आयोगाच्या 2020च्या सूचनेतही आक्षेप आहे तो स्वतःचे पूर्वप्रकाशित लेखन निर्देश न करता पुन्हा वापरण्यावर. म्हणजे पूर्वप्रसिद्धी हा गुन्हा नव्हे, लपवणूक हा गुन्हा आहे. आपण मात्र नियम वाचण्याऐवजी टक्केवारी वाचतो. चौर्य रोखण्यासाठी केलेल्या तरतुदीने अभ्यासकाला स्वतःच्याच शब्दांपासून पळावयास लावावे, हा विपर्यास नियमाचा नसून आपल्या भीतीचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे : परीक्षणावाचून प्रसिद्ध झालेले लेखन संशोधन नव्हे. तत्त्वतः हे मान्य करू. पण ज्या परीक्षणाची ग्वाही दिली जाते त्याचा इतिहास काय सांगतो? 2010च्या विनियमांनी शोधनिबंधांना गुण जोडले आणि शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. ते आवरण्यासाठी 2018 मध्ये आयोगाने 'केअर' सूचीची योजना आणली आणि 2025 मध्ये ती बंद केली. पीएच.डी.साठी निबंध छापून आणण्याची सक्ती 2022 मध्ये उठली. या सगळ्या उलथापालथीत प्रश्न एकच राहिला, कोठे छापले? कोणी वाचले आणि काय दुरुस्त केले, हे कोणी विचारले नाही. ज्या परीक्षणाने विद्यार्थिनीचा अर्थ बदलला ते वावरातून आले होते. टिपणाने प्रबंधाची जागा घ्यावी असे म्हणणे नाही. प्रबंधाच्या परीक्षणाला टिपणाने आधीच आरंभ करावा, एवढेच अभिप्रेत आहे.

हे काही उपरे खूळ नव्हे. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला; पुढील खंडांसह तो आजही कागदपत्रांइतकाच प्रस्तावनांसाठी वाचला जातो, कारण त्यांत सिद्धान्ताबरोबर संशोधकाचा शोध आणि संतापही आहे. 1910 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने पाक्षिक सभांतून हाती आलेल्या एकेका कागदावरची टिपणे वाचण्याची प्रथा पाडली. तेथे एखादी सनद, एखादा शिलालेख एवढाही विषय पुरेसा होता. त्या टिपणांतील कित्येक निष्कर्ष पुढे बदलले. बदलता आले, कारण ते चारचौघांत मांडलेले होते.

त्याही मागे जावे. लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आरंभीचा महान ग्रंथ. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासातील माणसे गाठून, विचारून आठवणी जमवल्या. त्या ग्रंथातील मेहकर आणि लोणार ही स्थळे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातली. पुढील काळातील पोथ्यांत भिन्न पाठ 'वासना' म्हणून, परंपरेच्या नावासह, नोंदलेले आढळतात. कोणाचे सांगणे वेगळे आहे हे पुसून टाकून एकसंध मजकूर करण्यापेक्षा भेद टिकवणे त्या परंपरेला महत्त्वाचे वाटले. याच जिल्ह्यातील नरवेल येथे जन्मलेल्या वि. भि. कोलते यांनी 1978 मध्ये लीळाचरित्राची संपादित आवृत्ती सिद्ध केली. साक्षीदाराचे नाव आणि शंकेची नोंद यांवर आपले गद्य उभे राहिले, आणि त्याच गद्याचे अध्यापक आज शंकेची नोंद प्रबंधाबाहेर ठेवावयास सांगतात.

परंतु याच परंपरेत दुसरी गोष्टही घडली. पंथीय ग्रंथ सकळ आणि अन्य सांकेतिक लिप्यांत बंद झाले. पावित्र्याची काळजी आणि भ्रष्टतेचे भय ही कारणे क्षुल्लक नव्हती. परिणाम मात्र असा झाला, की विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत मराठी वाङ्मयाचा इतिहास आपल्या या गद्याला जवळजवळ अनोळखीच राहिला. आजची विद्यापीठीय परिभाषा ही नवी सकळ लिपी आहे. 'शोधगंगा' या भांडारामुळे प्रबंध कोणालाही उघडता येतो हे खरे, परंतु उघडणे आणि उलगडणे यांत अंतर असते. शिवाय तो उपलब्ध होतो तेव्हा दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते.

कल्पना चोरीला जातील, हा उरलेला आक्षेप. दिनांकासह प्रसिद्ध झालेले टिपण हाच अग्रक्रमाचा उत्तम पुरावा होय. चोरी सोपी होते ती न छापलेल्या, केवळ चर्चासत्रात बोललेल्या विचाराची. मर्यादा आहेत त्या वेगळ्या. माहिती देणाऱ्याची संमती नसेल, त्याला इजा पोहोचणार असेल, तर लिहू नये. आणि ज्या टिपणात अडचण नाही, दुरुस्ती नाही, केवळ 'मी'चा उत्सव आहे, ते संशोधनाविषयीचे लेखन नव्हे, ती जाहिरात होय.

तेव्हा मराठी विभागांकडे मागणे साधे आहे. प्रत्येक संशोधकाने चालू कामाविषयी साध्या मराठीत, वेळोवेळी, प्रसिद्धपणे लिहावे. प्रबंधात त्या टिपणांचा निर्देश असावा, आणि कोणाच्या सांगण्यावरून कोणता निष्कर्ष बदलला याचे एक प्रकरण असावे. अध्यापकांनी हे आधी स्वतः करावे. ज्या गावातून शब्द आणला त्या गावात तो वाचून दाखवता आला पाहिजे. ते टिपण अमडापुराकडे परत गेले नसते, तर प्रबंधात 'उलंगवाडी'चा अर्धाच अर्थ राहिला असता, आणि तो निर्विवाद ठरला असता.