घामाची ठेव

कसब्यातील तांबट, कुंभार, बुरूड बांधवहो, मडके आपण वाजवून घेतो. बँक मात्र नुसत्या नावावर! पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले, २०२२ साली परवाना रद्द झाला. नऊ वर्षे ठेवी अडकल्या. ठेवविमा २०२० साली १ लाखाचा ५ लाख झाला, आणि २०२१ च्या कायद्याने निर्बंधानंतर ९० दिवसांत ते पैसे देण्याची सोय झाली; तेव्हा कोठे लहान ठेवीदार सावरले. म्हणून मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांहून अधिक रक्कम एका बँकेत ठेवू नका. सभासद असाल तर वार्षिक सभेत ताळेबंद मागा. वाचता येत नसेल तर शाळकरी मुलीकडून वाचून घ्या. बुडालेले घर हातोडा पुन्हा उभारील, पण ते बुडू न देणे हे अक्षराचेच काम आहे.