भंगारातली मोटर, वर्गातली वीज

बंद पडलेल्या प्रिंटरमधून काढलेली एक स्टेपर मोटर माझ्या टेबलावर असते. मुठीत मावते, पण हाताला चांगली जड लागते. वायरी सुट्या असल्या की तिचा दांडा चिमटीत टिकटिक करत फिरतो. एकाच गुंडाळीच्या दोन वायरींची टोकं एकमेकांना जोडली, की तोच दांडा अडून बसतो. मुलांच्या हाती ती दिली, की प्रश्न ठरलेला: “आत काय अडकलं?” काहीच अडकलेलं नसतं. आपण फिरवल्यामुळे निर्माण झालेली वीजच आपल्या बोटांना विरोध करत असते.

त्या दोन वायरींमध्ये लाल एलईडी लावून दांडा फिरवला की एलईडी उजळतो. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकणारी असेल, तर त्या फेऱ्यात विजेची ५० आवर्तनं होतात. म्हणजे सेकंदाला एक फेरा दिला, की आपल्या घरच्या विजेइतकीच, ५० हर्ट्‌झ!

मोटर आणि जनित्र ही मुळात एकाच यंत्राची दोन कामं. १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनात झेनोब ग्राम यांचं एक जनित्र दुसऱ्याच्या विजेवर मोटर म्हणून चालवून दाखवलं होतं. आपण उलट दिशेने जायचं. मात्र मोटरीत कायमचुंबक हवा. खेळण्यातली, सीडी ड्राइव्हमधली मोटर चालते. मिक्सरची नुसती फिरवून वीज देत नाही, कारण तिच्यात असा चुंबक नसतो.

दहावीला जनित्राची नामनिर्देशित आकृती मुलं काढतात, गुणही मिळवतात. पण विजेचं ओझं त्यांच्या हाताला कधी लागत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. त्या वाटेने जायला प्रत्येक शाळेला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. भंगारवाल्याकडच्या चार मोटरी, थोडी वायर आणि मूठभर एलईडी पुरतात. शिक्षकांनी या सत्रात एवढं करावंच.

या मोटरीवर घर उजळणार नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावं. पण मोटरीने जनित्र फिरवा आणि त्याच विजेवर मोटर कायम चालवा, असा ‘फुकट विजेचा’ दावा उद्या त्यांच्यासमोर येईल, तेव्हा त्यांना अडलेला तो दांडा आठवेल. दिवा लावायचा तर कुणाला तरी जोर लावावाच लागतो, हे त्यांच्या बोटांनी अनुभवलेलं असेल.