गेटबाहेर आपण कोण?

"सेक्रेटरीसाहेब, युनियनचे काम गेटच्या आत. बाहेरच्या भानगडी नगरसेवकाने बघाव्यात." हे वाक्य आम्ही गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो. लोको शेडमध्ये ऐकले, कॅरेज अँड वॅगनच्या पिट लाइनवर ऐकले, रनिंग रूममध्ये जेवताना ऐकले. खरे सांगायचे तर काही वर्षे आम्ही स्वतःही ते म्हणत होतो. आज या वाक्याशी आमचे उघड भांडण आहे.

साथींनो, गेटच्या आत आपण कोण असतो ते आठवा. पीएनएमची ठरलेली बैठक एकदा पुढे ढकलली तर आपण पत्र देतो, दुसऱ्यांदा ढकलली तर काळ्या फिती लावतो. मिनिट्समध्ये एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सही करत नाही. कुठला विषय कधी घेतला, कोणत्या साहेबाने काय आश्वासन दिले, अंमलबजावणी झाली की नाही, हे सगळे आपल्या शाखा सचिवाच्या वहीत असते. शाळेत फार न शिकलेला आपला ट्रॅकमनसुद्धा ओव्हरटाइमचा हिशेब साहेबासमोर बोटावर मांडून दाखवतो. आणि संध्याकाळी हाच माणूस गेटबाहेर पडला की त्याला आपल्या प्रभागाचा नंबर सांगता येत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण घ्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्याच सुमारास पुणे, नागपूर, नाशिक येथील पालिकांचीही संपली. नवी मुंबई, औरंगाबाद, कल्याण-डोंबिवली येथे तर २०२० पासूनच निवडून आलेले सभागृह उरले नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती गेला. एकच अधिकारी बजेट मांडणार, तोच मंजूर करणार आणि तोच खर्च करणार. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला तेव्हा कुठे चाक हलले, आणि २९ महापालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. निवडणुका का रखडल्या, आरक्षणाचा वाद काय होता, त्यात आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न आपल्या घरातला आहे. डीआरएमने तीन-चार वर्षे पीएनएम घेतलीच नसती, आणि "आता मीच प्रशासन आणि मीच युनियन" असे सांगितले असते, तर आपण काय केले असते? गाड्या रोखल्या नसत्या, पण त्याची झोप नक्कीच उडवली असती. मग पाणी, गटार, दवाखाना, रस्ता यांचे निर्णय तीन-चार वर्षे आपल्या प्रतिनिधीविना होत राहिले, तेव्हा आपल्या एका तरी गेट मीटिंगमध्ये त्यावर अवाक्षर निघाले का? आमच्या शाखेत निघाले नाही, हे आम्ही कबूल करतो.

हे असे का झाले? आमच्या मते याचे मूळ रेल्वे कॉलनीत आहे. कॉलनीत जन्मलेल्या माणसाला सगळे रेल्वेच देते. पाणी रेल्वेचे, वीज रेल्वेची, दवाखाना रेल्वेचा, एकेकाळी शाळाही रेल्वेची. घराचा नळ गळला तर पालिकेकडे जायचे नसते, वर्क्सच्या कार्यालयात जाऊन तक्रार नोंदवायची असते. घटनेच्या २८५ व्या कलमाने केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर लागत नाही. सेवाशुल्काचा विषय दोन कार्यालयांच्या पत्रव्यवहारात फिरतो, आपल्या कानावर येत नाही. घरपट्टीची पावती ज्याने कधी पाहिली नाही, त्याला ती भरून काय मिळते हे विचारायचे कसे सुचावे? कॉलनीची भिंत ही आपल्याला गावाची वेसच वाटत आली. पलीकडचे ते 'गाववाले', आपण 'रेल्वेवाले'.

आणि मग साठावे वर्ष उजाडते. हार, नारळ, शाल, फोटो. क्वार्टर नियमाने चार महिने, फार तर वाढीव भाड्याने आणखी चार. क्वार्टर सोडेपर्यंत ग्रॅच्युइटी अडकलेली. ती सुटली की आपला निवृत्त साथी गावाच्या कडेला गुंठेवारीतला प्लॉट घेतो, कारण तेवढेच परवडते. तिथे रस्ता नाही, गटार नाही, टँकर आला तर आला. छत्तीस वर्षे गाड्या वेळेवर सोडणारा माणूस पालिकेच्या बाकावर अर्ज हातात घेऊन बसतो आणि त्याला कोणी ओळखत नाही. तिथे त्याचा पास चालत नाही. गेटच्या आतली सगळी लढाई जिंकून आपण राहायला जातो ते अशा ठिकाणी, जिथे आपण कधी पाऊलच ठेवले नव्हते.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हाला मोठेपणा मिळणार नाही, पण सांगितली पाहिजे. आमच्या जंक्शनच्या गावात कॉलनी आणि जुनी वस्ती यांच्या मधून एक नाला जातो. दर पावसाळ्यात तो तुंबायचा आणि टाइप वनच्या दोन रांगांत पाणी शिरायचे. रेल्वेचे सफाईवाले म्हणायचे नाला पालिकेचा, पालिकेचा मुकादम म्हणायचा नाला रेल्वेचा. (मार्च २०१९ मध्ये मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल कोसळला, तेव्हाही पहिल्याच रात्री पूल कोणाचा यावर बोलाचाली सुरू झाली होती. दोन हद्दींच्या मध्ये सापडतो तो नेहमी पायी चालणारा.) एका वर्षी त्या रांगांतील दोन मुलांना डेंग्यू झाला. एका पॉइंट्समनच्या पत्नी आमच्या शाखा कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही डीआरएमला पत्र लिहिता, तसे एक नगरपालिकेला लिहा की."

आम्ही काय उत्तर दिले? "वहिनी, तो विषय आपल्या कक्षेत येत नाही." हे बोलताना आमची जीभ कशी अडखळली नाही, याचे आज नवल वाटते.

वहिनी सातवी शिकलेल्या. त्यांनी रांगेतील पाच-सहा बायका जमवल्या आणि मुलाकडून माहिती अधिकाराचे दोन अर्ज लिहून घेतले. रेल्वेच्या अर्जाला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, पालिकेच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. प्रश्न एकच होता : हा नाला कोणाच्या हद्दीत आहे, त्याचा नकाशा द्या आणि मागील तीन वर्षांत सफाईवर काय खर्च केला ते सांगा. तीस दिवसांच्या आत दोन्हीकडून उत्तरे आली, आणि दोन्ही उत्तरांत नाला दुसऱ्याचा होता. वहिनींनी दोन्ही कागद एकत्र टाचले आणि मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले. दुसरी प्रत आमच्याकडे दिली. आता मात्र आम्हाला उठावेच लागले. संयुक्त पाहणी झाली, जुना लँड प्लॅन काढला, गवतातला हद्दीचा दगड सापडला. हद्द नाल्याच्या बरोबर मधून जात होती! अर्धा यांचा, अर्धा त्यांचा. आठवडाभरात दोघांनी मिळून साफ केला.

गोष्ट इथे संपली असती तर छान झाले असते. पुढच्या वर्षी वहिनींच्या पतीची बदली झाली. आम्ही म्हटले, आता लागली सवय, होईल आपोआप. झाली नाही. नाला पुन्हा तुंबला. एकदा जिंकलेला विषय पाठपुरावा सोडला की मागच्या दाराने निघून जातो, हे पीएनएममध्ये आम्ही दर खेपेला नव्या सभासदांना शिकवतो, आणि बाहेर स्वतःच विसरलो. आता दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात शाखेची दोन माणसे पालिकेत जातात. साहेब बदलला की सगळे पहिल्यापासून सांगावे लागते.

हा माहिती अधिकार कुठून आला, हे आपल्या लोकांना माहीत नसते. तो कोण्या विद्वानाने खोलीत बसून काढला नाही. राजस्थानात मजूर-किसान शक्ती संघटन १ मे १९९० रोजी स्थापन झाले. दुष्काळी कामावरच्या मजुरांनी मागणी केली की आम्हाला मस्टर दाखवा, आम्हाला मजुरी कमी का मिळते ते बघू. डिसेंबर १९९४ पासून गावोगाव जनसुनवाया झाल्या आणि सर्वांसमोर मस्टर वाचले गेले. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले. ब्यावर म्हणजे अजमेर-अहमदाबाद लाइनवरचे, आपल्यापैकी अनेकांनी त्यावरून गाड्या नेल्या असतील. त्या मस्टरच्या मागणीतून वाढत वाढत २००५ चा देशभरचा कायदा झाला. साथींनो, मस्टर म्हणजे काय हे या देशात गँगमनपेक्षा अधिक कोणाला कळते? आणि तरी तो कायदा आपण किती वापरतो? बहुतेक वेळा दुसऱ्याच्या प्रमोशनची फाइल बघण्यापुरता.

आता दोन हरकती. पहिली अशी की, "आम्ही सरकारी नोकर, आम्हाला राजकारणात भाग घेता येत नाही." अर्धे खरे आहे. रेल्वे सेवा (आचरण) नियम, १९६६ प्रमाणे आपल्याला पक्षाचे सभासद होता येत नाही, प्रचार करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. पण मत देण्याचा हक्क त्याच नियमाने राखून ठेवला आहे. मानधन न घेता सामाजिक स्वरूपाचे काम करायलाही, ड्युटीला बाधा येत नसेल तर, पूर्वपरवानगी लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे. तिथे बसायला डीआरएमची सही लागत नाही. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतोच. नियमाच्या आड लपणाऱ्यांनी निदान तो नियम एकदा वाचावा. निवृत्त साथींना तर हेही बंधन नाही.

दुसरी हरकत, "ती सगळी घाण आहे, आपण कशाला हात घाला?" घाण आहे, कबूल. पण गटार साफ करायला उतरणाऱ्याला आपण घाणेरडा म्हणत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली, हे आपण दर मेळाव्यात सांगतो. पण मुंबईत प्लेग आला तेव्हा ते गिरणीच्या गेटवर थांबले नाहीत. रोग्यांच्या सेवेत उतरले आणि १८९७ मध्ये त्याच प्लेगने गेले, हे सांगायचे राहून जाते. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. त्यांच्या मागे हंडे घेऊन चालणाऱ्या बायका कामगारांच्या घरातल्याच होत्या. खाउजाच्या धोरणाने आपली कामे ठेकेदाराकडे गेली म्हणून आपण तीस वर्षे ओरडतो आहोत. पालिकेची कचरागाडी, पालिकेची पाणीपट्टी वसुली ठेकेदाराकडे गेली तेव्हा आपण कुठे होतो? तिथला सफाई कामगार आपल्याकडे बघत होता.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी साथींना एक वेगळे सांगणे आहे. इटारसी, झाशी, वडोदरा, सिकंदराबाद, हुबळी येथे आपली कितीतरी कुटुंबे दोन-दोन पिढ्या राहतात. माणूस तिथे आणि मतदार यादीतले नाव साताऱ्याला किंवा जळगावला! गावी जाणे होत नाही, इथे नाव नाही. म्हणजे दोन्हीकडे शून्य. "आपण परके, आपल्याला इथे कोण विचारतो?" असे म्हणता, पण ज्या नळाचे पाणी तुमची मुले पितात तो नळ परका कसा? बदली होऊन आलेल्याने पत्ता बदलायचा आठ नंबरचा फॉर्म भरला की झाले. पालिकेच्या निवडणुकीसाठीही बहुतेक ठिकाणी विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात.

मान्यतेसाठी डिसेंबर २०२४ च्या ४, ५ आणि ६ तारखेला गुप्त मतदान झाले, तेव्हा आमच्या सेक्शनमधले कीमन नाइट ड्युटी करून, अंघोळ न करता, ग्रीसच्या हातांनी रांगेत उभे होते. तीच मंडळी पालिकेच्या मतदानाच्या दिवशी सुट्टी म्हणून झोपून होती. आम्ही घरोघर जाऊन विचारले, तर काहींनी सांगितले, यादीत नावच नाही. ते खरे निघाले.

म्हणून आमच्या शाखेने एक विषय अजेंड्यावर घेतला आहे, आणि इतर शाखांनीही घ्यावा अशी विनंती आहे. कॉलनीच्या बूथची मतदार यादी आणून क्वार्टर नंबरप्रमाणे ताडून पाहणे. आमच्या पहिल्या रांगेत चोवीस क्वार्टर. तेरा क्वार्टरांतील एकाचेही नाव यादीत नाही. चार नावे अशा साथींची आहेत जे निवृत्त होऊन गाव सोडून गेले, आणि एक नाव वारलेल्या माणसाचे. शाखा सचिवाचे, म्हणजे आमचे, नाव आहे. आमच्या मोठ्या मुलाचे नाही. तो फॉर्म आम्ही काल भरला, त्या तेरा क्वार्टरांचे रविवारी भरायचे आहेत.